होम स्टडीचं बजेट: 14 महिने शीट वापरल्यावरचा आमचा अनुभव

आम्ही कळव्यात राहतो, 1 बीएचके, घराचा हप्ता चालू आहे, सासूबाई आमच्याचकडे. मूल दत्तक घ्यायचं ठरलं त्याच रात्री नवऱ्याने गुगल शीट उघडली आणि वर लिहिलं "बाळाचं खातं". आज त्याला 14 महिने झाले. होम स्टडी (म्हणजे मूल देण्याआधी सोशल वर्कर घरी येऊन आपली चौकशी करतात आणि रिपोर्ट देतात ती) होऊन बरेच महिने झालेत, आता मुलासाठी वेटिंगमध्ये आहोत, म्हणून म्हटलं आता लिहावं, कारण सुरुवातीला मी रात्र रात्र जागून शोधत होते की नेमके किती पैसे लागतात आणि सरळ उत्तर कुठेच मिळत नव्हतं.

आधी ठरलेली फी सांगते. आमच्या शीटमध्ये होम स्टडी रिपोर्टचे 6,000, मूल घरी येताना, ते जिथून येतं त्या संस्थेला द्यायचे 50,000, आणि नंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी सोशल वर्कर बघायला येणार त्याचे प्रत्येक वेळी 2,000, म्हणजे 8,000. एकूण 64,000, आणि तेही एकदम नाही, टप्प्याटप्प्याने. प्रत्येक पैशाची पावती घ्यायची, रोख कुणाच्या हातात द्यायची नाही. आम्हाला मध्येच एक एजंट भेटला होता, फाइल पुढे सरकवतो म्हणाला, 15,000 मागत होता. कारा (दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) तिथे नोंदणी आपली आपणच ऑनलाइन करायची असते, मध्ये एजंट लागतच नाही, त्यामुळे असं कोणी भेटलं तर तिथूनच परत फिरा.

आता आमचं जिथे चुकलं ते. शीटमध्ये मी एक कॉलम केला होता "घर तयार करणे" आणि सगळ्यात जास्त पैसे त्याच कॉलमने खाल्ले. रंगाला 38,000, नवीन कपाट 14,500, पडदे, हॉलमधला पंखा, वर 11,000 चा पाळणा. मनात एकच भीती होती की घर लहान म्हणून नाही म्हणतील, आणि सोसायटीतल्या दोन-तीन जणी म्हणाल्यापण की 2 बीएचके नसेल तर कठीण आहे, म्हणून मी नवऱ्याच्या मागे लागले आणि बोनस तिथे गेला. नियमात घर इतक्या फुटांचंच पाहिजे किंवा स्वतःचंच पाहिजे असं कुठेही नाही, भाड्याचं घरपण चालतं. तुम्ही शरीराने, मनाने आणि पैशाने मूल सांभाळू शकता का एवढं बघतात.

सोशल वर्कर ताई आल्या, पाणी प्यायल्या, घरभर एक फेरी मारली आणि पावणेतीन तास फक्त बोलत बसल्या. रंगाकडे बघितलंही नाही. घराचा हप्ता पगाराच्या किती टक्के जातो, मेडिक्लेम आहे का, एकाची नोकरी गेली तर किती महिने निभेल, मूल दुपारी कोणाजवळ राहणार, तू दत्तक आहेस हे त्याला कधी आणि कसं सांगणार. सासूबाईंशी वेगळ्या बसून बोलल्या. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घरात येईल ते आमचंच." मी किचनमध्ये होते, ऐकलं आणि तिथेच रडले.

ताईंनी बचत विचारली तेव्हा आमच्याकडे दाखवायला फक्त 22,000 होते. बाकी सगळं भिंतींवर गेलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत, रिपोर्टही चांगला आला, पण ते मला अजून लागतं. हेच पैसे खात्यात असते तर किती ताठ मानेने उत्तर दिलं असतं.

पाळण्याचं तर सांगूच नका. मूल चार महिन्यांचं येईल की दीड वर्षाचं हे आपल्याला माहीत नसतं, वेटिंग तीन-साडेतीन वर्षांचं. तो बेडरूममध्ये चादर टाकून ठेवलाय, रोज दिसतो, आणि काही दिवशी ते खूप जड जातं. तेव्हा सामान आधी अजिबात घेऊ नका.

कागदपत्रांचा कॉलम मात्र बरोबर निघाला. दोघांच्या मेडिकल टेस्ट आणि सर्टिफिकेट मिळून 4,700 (मोठा, संसर्गजन्य आजार नाही असं डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं). मॅरेज सर्टिफिकेट आम्ही काढलंच नव्हतं, लग्न वाईला गावी झालेलं, मग लग्नपत्रिका, फोटो, गुरुजींची सही, तीन साक्षीदार हे सगळं जमवण्यात गावाच्या दोन चकरा आणि सुट्ट्या गेल्या. सर्टिफिकेट मिळालं त्या दिवशी साक्षीदारांना ठाण्यातल्या मामलेदार मिसळवाल्याकडे मिसळ खायला घातली, तो खर्चही शीटमध्ये आहे. तुमचं लग्न रजिस्टर नसेल तर बाकी सगळं सोडून आधी ते करा. ओळखीच्या दोन माणसांची पत्रं लागतात, त्याला पैसा लागत नाही पण माणसं वेळ लावतात.

आता शीट पूर्ण बदललीय. "घर" कॉलम काढला आणि "प्रवास" टाकला, कारण मूल कुठल्याही राज्यातून येऊ शकतं. फोटो आणि माहिती आली की 48 तासांत रिझर्व्ह करायचं, मग ठरलेल्या मुदतीत तिथे जाऊन भेटायचं, हवं तर आपल्या डॉक्टरकडून बाळाला तपासून घ्यायचं, आणि दत्तकाची ऑर्डर कलेक्टर देतात ते संस्थेच्या जिल्ह्यातले, म्हणजे परत जावं लागू शकतं. आम्ही 60,000 धरलेत, आणि ते लगेच काढता येतील असेच ठेवलेत, लांबच्या एफडीत अडकवले नाहीत. दुसरा नवीन कॉलम बिनपगारी सुट्टीचा, ऐरोलीच्या माझ्या ऑफिसात दोन महिने मिळेल म्हणालेत, तेवढा हप्ता आणि किराणा बाजूला. तिसरा, होम स्टडी रिपोर्ट तीन वर्षं चालतो, वेटिंग त्याच्यापुढे गेलं तर परत करून घ्यायचा, म्हणून मेडिकलचे पैसे दुसऱ्यांदा धरलेत.

दर महिन्याच्या 5 तारखेला 4,000 त्या खात्यात जातात. सासूबाई पेन्शनमधले 500 देतात आणि त्यांनी स्वतःची वेगळी ओळ मागून घेतली, "आजी" म्हणून.

ठाण्यात किंवा नवी मुंबईत कुणाची होम स्टडी जवळ आली असेल तर रंगाचं कोटेशन मागवायच्या आधी मला विचारा, शीटची कॉपी देते, आमचे आकडे खोडा आणि तुमचे टाका.