अँटिगनी करावी की इलेक्ट्रा? बहिणींच्या दोन जोड्या

ग्रीक शोकांतिका करायचं ठरलंय, ग्रुपमध्ये दोन ताकदीच्या अभिनेत्री आहेत आणि पहिल्याच बैठकीत कुणीतरी म्हणतं, "मग अँटिगनीच! दोन बहिणींचं नाटक." संहिता झेरॉक्सला टाकायच्या आधी 'अँटिगनी' लिहिणाऱ्याच ग्रीक नाटककाराचं, सोफोक्लिसचं, 'इलेक्ट्रा' वाचून घ्या. तिथेही एक बहीण सत्तेला नडणारी आहे आणि दुसरी जमवून घेणारी. माझं मत आधीच सांगून टाकतो. राजाज्ञेशी भांडण दाखवायचं असेल तर अँटिगनी घ्या, बहिणी दाखवायच्या असतील तर इलेक्ट्रा.

गोष्टी थोडक्यात. थीब्ज या ग्रीक शहरात इटिओक्लिस आणि पॉलिनायसिस हे अँटिगनीचे भाऊ एकमेकांना मारून मरतात. मामा क्रेऑन गादीवर बसतो आणि फर्मान काढतो की शहरावर चालून आलेल्या पॉलिनायसिसला कुणी मूठमाती द्यायची नाही. अँटिगनी ती देते. मायसिनीत इलेक्ट्राच्या आईने, क्लायटेम्नेस्ट्राने, प्रियकर इजिस्थसच्या साथीने नवऱ्याचा, म्हणजे ॲगमेम्नॉनचा, खून केलाय. इलेक्ट्रा वर्षानुवर्षं बापासाठी उघड शोक करते आहे आणि परदेशी वाढलेल्या भावाची, ओरेस्टिसची, वाट पाहते आहे. 'अँटिगनी' साधारण इ.स.पू. ४४१च्या सुमाराचं मानतात. 'इलेक्ट्रा'चं साल पक्कं नाही, पण ते नाटककाराच्या उतारवयातलं असावं असं बहुतेक अभ्यासक धरतात.

आता अँटिगनीची बहीण, इस्मीनी. तिला सगळे भित्री म्हणून मोकळे होतात, ते मला पटत नाही. पहिल्या प्रवेशात तिचं म्हणणं सरळ आहे. बाप गेला, आई गेली, दोन्ही भाऊ गेले, उरलो आपण दोघी. आपण बायका, पुरुषांशी लढायला जन्मलेल्या नाही. तरी ती वर म्हणते, निदान गुपचूप तरी कर, मीही बोलणार नाही. त्यावर अँटिगनी उसळते. गप्प राहिलीस तर तुझा जास्तच राग येईल, जा, गावभर सांग! पुढे अँटिगनी पकडली गेल्यावर हीच इस्मीनी रडत बाहेर येते आणि न केलेल्या गुन्ह्यात वाटा मागते. अँटिगनी तो देत नाही. तू जगणं निवडलंस, मी मरण. खरं तर क्रेऑनला त्याचा मुलगा हीमॉन आणि अँटिगनी यांच्या ठरलेल्या लग्नाची पहिली आठवण इस्मीनीच करून देते, अँटिगनी नव्हे.

आणि मग ती नाटकातून गायब होते. क्रेऑन आधी दोघींनाही मारायला निघालेला असतो. कोरस, म्हणजे नाटकात गाणारा-बोलणारा समूह, विचारतो, "दोघींना?" तेव्हा तो एका वाक्यात हिला सोडतो. त्यानंतर तिचा पत्ता नाही. शेवटच्या वाटेवर अँटिगनी स्वतःला राजघराण्यातली उरलेली एकटी म्हणवते. बहीण जिवंत आहे याची दखलही नाही! मूळ ग्रीक संहितेत इस्मीनी रंगमंचावर बोलते तो भाग जेमतेम दीडशे ओळींचा आहे. तुमच्या दुसऱ्या चांगल्या अभिनेत्रीला तुम्ही तालमीचे तीन महिने एवढ्यावर बसवणार आहात, हे लक्षात घ्या.

इलेक्ट्राच्या बहिणीला, क्रिसोथेमिसला, त्याच्या दुप्पट जागा मिळते, सव्वातीनशे ओळींच्या आसपास. पण खरी गंमत लांबीत नाही. पहिल्यांदा ती येते तेव्हा हातात आईने पाठवलेला नैवेद्य असतो. आईला वाईट स्वप्न पडलंय, म्हणून खून केलेल्या नवऱ्याच्या थडग्यावर तो वाहायचा. इलेक्ट्रा म्हणते, फेकून दे ते, त्याऐवजी आपल्या दोघींच्या केसांची बट वाहा. आणि ही 'आज्ञाधारक' बहीण ऐकते! फक्त आईला कळू देऊ नका म्हणते. इस्मीनी नकार देऊन नंतर वाटा मागते, ही आधीच अर्धी वाट चालून येते.

दुसऱ्या खेपेला ती धावतच येते. थडग्यावर ताजं दूध, फुलं आणि कापलेली बट दिसलीय, म्हणजे ओरेस्टिस आलाय. ती अगदी बरोबर असते. पण दरम्यान इलेक्ट्राला डेल्फीच्या रथशर्यतीत भाऊ मेल्याची रचलेली बातमी मिळालेली असते आणि ती बहिणीलाच वेडी ठरवते. पुरावा भित्रीच्या हातात, खात्री शूर बहिणीच्या तोंडी, आणि प्रेक्षकाला खरं काय ते ठाऊक. शूर बहीण इथे धडधडीत चुकते आहे. लगेच पुढे ती म्हणते, मग आपण दोघीच इजिस्थसला मारू. क्रिसोथेमिस नाही म्हणते. हा प्रवेश वाचताना मला कोण बरोबर हे अजून ठरवता आलेलं नाही. अँटिगनीच्या प्रवेशात ते पहिल्या पाच मिनिटांत ठरून जातं.

कायद्याच्या बाजूने मात्र पारडं फिरतं. अथेन्समध्येही देशद्रोह्याला आपल्या हद्दीत पुरायला बंदी होती, त्यामुळे क्रेऑनचा हुकूम तिथल्या प्रेक्षकाला अगदी परका वाटला नसणार. क्रेऑन पुढची पायरी गाठतो. प्रेत कुत्र्या-गिधाडांना सोडून देतो. अँटिगनी त्याच्यासमोर देवांच्या अलिखित नियमांची साक्ष काढते आणि दोन्ही बाजूंना वजन येतं. नेल्सन मंडेला रॉबेन बेटावरच्या कैदेत या नाटकात क्रेऑन झाले होते, यातच सगळं आलं. इलेक्ट्रासमोर मोडण्यासारखा कायदाच नाही, राज्यकर्तेच खुनी आहेत. तिच्याकडे आहे रक्ताला रक्त. क्लायटेम्नेस्ट्रा विचारते, माझ्या इफिजिनायाचा बळी देणारा हाच ना तुझा बाप? (ती इलेक्ट्राचीही बहीणच.) इलेक्ट्रा उत्तर देते, जिवाला जीव हा नियम लावायचा तर पहिली तूच मरशील. तो नियम उलटा फिरून कुणाला लागेल, हे ती बोलत नाही. नाटकही बोलत नाही. आईवर ओरेस्टिसचा पहिला घाव बसतो तेव्हा इलेक्ट्रा बाहेरून ओरडते, अजून एक घाल! हे प्रेक्षकांना झेपेल का, ते तुम्ही ठरवा.

व्यवहाराचं. अँटिगनीचा कोरस थीब्जच्या म्हाताऱ्यांचा, इलेक्ट्राचा मायसिनीच्या बायकांचा. ग्रुपमध्ये मुली जास्त असतील तर उत्तर इथेच मिळालं. अँटिगनी शेवटच्या चारशे ओळींत रंगमंचावर नाही, तिथून नाटक क्रेऑनचं, तेव्हा तो नट कच्चा असून चालणार नाही. उलट इलेक्ट्रा आरंभीच्या प्रवेशानंतर जवळजवळ अखेरपर्यंत समोरच असते. ज्या मुलीचा आवाज तासाभरात बसतो तिला ही भूमिका देऊ नका.

भाषांतर स्वतः करणार असाल तर एक गोष्ट अँटिगनीच्या बाजूने. ग्रीकमध्ये संस्कृतसारखं द्विवचन आहे. सुरुवातीला अँटिगनी ते वापरते आणि बहिणीने नकार दिल्यावर सोडून देते. मराठीत द्विवचन नाही, पण 'आपण दोघी' आहे. नकारापर्यंत 'आपण', त्यानंतर फक्त 'मी' आणि 'तू'. 'ताई' मात्र टाळा. थोरली कोण, हे सोफोक्लिस या नाटकात सांगत नाही आणि एका 'ताई'ने सगळं भांडण मोठी-धाकटीचं होऊन बसतं.

अजून ठरत नसेल तर एक संध्याकाळ काढा. इस्मीनीचा दुसरा प्रवेश आणि क्रिसोथेमिस धावत येते तो प्रवेश, दोन्ही मोठ्याने वाचा. मग दोघींना भूमिका बदलायला सांगून पुन्हा वाचा.