एए मीटिंग: कशी शोधावी, कुठे सांभाळावं, काय पदरात पडतं

दारू सोडायची आहे पण उपचारावर खर्च करायची ऐपत नाही, अशा माणसाला आपल्याकडे मिळणारी सगळ्यात सोपी मदत म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, म्हणजे 'एए'ची मीटिंग: दारूच्या त्रासातून गेलेल्यांनीच एकमेकांना आधार द्यायला चालवलेली बैठक. फी नाही, फॉर्म नाही, कुणी ओळखपत्र मागत नाही. सभासद होण्याची अट एकच: दारू सोडायची इच्छा. आमचं मत स्पष्ट आहे, जरूर जा. पण एका मीटिंगवरून निकाल देऊ नका, कारण गटागटांत फार फरक असतो.

त्याआधी डॉक्टर. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर थरथर आणि घाम सुरू होतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भास, गोंधळ, ताप अशी अवस्था आली तर ती जिवावर बेतते. मीटिंगमध्ये यावर इलाज होत नाही. सकाळी हात स्थिर व्हावेत म्हणून घोट घ्यावा लागत असेल किंवा पूर्वी कधी दारू बंद करताना फिट आली असेल, तर आधी सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा. कुठे जावं ते कळत नसेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, आणि १४४१६ वर टेली-मानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा.

मीटिंगचे पत्ते एएच्या भारतातल्या संकेतस्थळावर मिळतात, पण नुसत्या यादीच्या भरवशावर घरातून निघू नका. खोली बहुधा गटाच्या मालकीची नसते. कुठे महापालिकेची शाळा, कुठे चर्चचा हॉल. शाळेत परीक्षा आली, मे महिन्याची सुट्टी लागली, मतदान केंद्र आलं, की जागा किंवा वेळ बदलू शकते. मोठ्या हिमतीने निघालेल्या माणसाला दाराला कुलूप दिसलं तर तो परत येईलच असं नाही. म्हणून त्याच दिवशी दुपारी फोन करा आणि नेमकं विचारा: आज मीटिंग आहे का, कुठल्या मजल्यावर, मराठीत की हिंदी-इंग्रजीत, ओपन की क्लोज्ड, आणि गेटवर कुणी भेटेल का. शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका, नवीन माणसासाठी खाली उतरून थांबणारे सभासद असतात. ओपन मीटिंगला घरचे सोबत बसू शकतात. क्लोज्ड फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी, तिथे बायकोला किंवा भावाला बाहेर थांबावं लागेल.

आत तास-दीड तासाचा कार्यक्रम असतो. सुरुवातीला वाचन, मग शेअरिंग. "माझं नाव अमुक, मी अल्कोहोलिक" म्हणून एकेक जण बोलतो. बाकीचे मध्ये तोंड घालत नाहीत, सल्ले देत नाहीत. तुमच्यावर पाळी आली तर "आज फक्त ऐकतो" एवढं पुरतं. वर्गणीची पेटी फिरते, काही नाही टाकलं तरी चालतं. शेवटी प्रार्थना होते. नास्तिकांना इथे अवघडल्यासारखं होतं, पण गप्प उभं राहिलेल्याला सहसा कुणी हटकत नाही.

खरी कमाई मात्र मीटिंग सुटल्यावर, चहाच्या वेळी होते. दोघा-तिघा जुन्या सभासदांचे नंबर घ्या आणि तलफ नसतानाच एकदा फोन करून बघा. संध्याकाळी सातला पाय बारकडे वळतात, तेव्हा अनोळखी नंबर फिरवायला हात धजत नाही. आधी बोलणं झालेलं असेल तर फोन केला जातो. नंबर न घेता घाईने घरी पळणाऱ्याला मीटिंगचा निम्माच फायदा मिळतो.

आता खटकणाऱ्या गोष्टी. काही गटांत एकच जण अर्धा तास बोलत राहतो, नवख्याला संधीच मिळत नाही. बायकांची संख्या कमी असते, आणि पुरुषांनी भरलेल्या खोलीत एकट्या बाईला मोकळं होणं जड जातं. महिलांची वेगळी किंवा ऑनलाइन मीटिंग आहे का ते फोनवरच विचारा, आणि स्पॉन्सर, म्हणजे नवख्याला वाट दाखवणारा जुना सभासद, बाईच निवडा. नव्या सभासदाशी जवळीक साधू पाहणारा, उसने पैसे मागणारा किंवा डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायला सांगणारा कुणी भेटला, तर त्याला सरळ नाही म्हणा आणि गट बदला. गोळ्यांचा निर्णय डॉक्टरांचाच.

म्हणून निदान तीन वेगवेगळ्या गटांत, मिळून सहा मीटिंगा तरी करा आणि मगच ठरवा. सुरुवातीला नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा हा जुन्या लोकांचा सल्ला असतो. गावात आठवड्यातून एकच असेल तर उरलेले दिवस ऑनलाइन भरून काढा. २०२० मध्ये कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या संस्थेने २७ अभ्यास आणि १०,५६५ लोकांची माहिती तपासली. माणसाला पद्धतशीरपणे एएशी जोडून देणारे उपचार दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत इतर प्रस्थापित उपचारांच्या तोडीचे, काही बाबतींत सरस ठरले. समुपदेशक किंवा डॉक्टर असेल तर त्यालाच पहिली मीटिंग ठरवून द्यायला सांगा.

पिणारा यायला तयारच नसेल तर घरच्यांनी थांबून राहू नये. त्यांच्यासाठी अल-अनॉन हे वेगळं संघटन आहे, आणि तिथे जाण्यासाठी त्याची परवानगी लागत नाही.