लाखेच्या तबकड्या आणि एलपी, दोन्हींसाठी एकच टर्नटेबल: एटी-एलपी१२०एक्स वापरल्यानंतर

आमच्या घरात दोन वेगवेगळ्या काळांतल्या रेकॉर्ड आहेत. सासूबाईंच्या माहेराहून आलेल्या नाट्यसंगीताच्या ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकड्या, आणि पुण्याच्या जुन्या बाजारातून, मुंबईच्या चोर बाजारातून आम्ही दोघांनी जमवलेल्या शास्त्रीय संगीताच्या एलपी, म्हणजे मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या रेकॉर्ड. हल्लीच्या बऱ्याच टर्नटेबलवर, म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या यंत्रांवर, ३३ आणि ४५ एवढेच वेग असतात. ७८ हवा म्हटलं की यादी एकदम आखडते. त्या यादीतून ऑडिओ-टेक्निकाचं एटी-एलपी१२०एक्स यूएसबी निवडलं. ठाण्यातला एक अख्खा पावसाळा आणि त्यानंतरचा कोरडा हिवाळा त्याने काढला आहे, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

यंत्र डायरेक्ट ड्राइव्ह आहे, म्हणजे मोटर थेट रेकॉर्ड ठेवायच्या ताटाखाली, मध्ये रबरी पट्टा नाही. आमच्याकडच्या दमट हवेत रबर लवकर सैल पडतं, त्यामुळे माझ्या दृष्टीने हा मोठाच फायदा. वजन आठ किलोच्या आसपास, त्यामुळे जागेवर घट्ट बसतं. स्पीकर मात्र त्याच टेबलावर ठेवू नका. खर्जातली कंपनं टेबलातून सुईपर्यंत पोचतात आणि आवाज घुमायला लागतो.

मांडणीला घाई नको. आर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याच्या, मागचं वजन फिरवत फिरवत एक क्षण असा येतो की आर्म हवेत आडवा तरंगतो, वरही जात नाही आणि खालीही येत नाही. तिथे नुसती आकड्यांची चकती शून्यावर आणायची आणि मग वजनासकट ती २ ग्रॅमपर्यंत फिरवायची. सोबत येणाऱ्या व्हीएम९५ई कार्ट्रिजला (आर्मच्या टोकाचा, सुई बसवलेला भाग) तेवढाच भार लागतो. कमी भार ठेवला तर रेकॉर्ड जास्त टिकते ही समजूत चुकीची आहे. हलकी सुई खाचेत नीट बसत नाही, उडते, आणि खाचेच्या भिंतींना उलट जास्त मार लागतो.

टर्नटेबलचा वेग स्थिर आहे का, हे पाहायला आपल्या संगीताइतकी कडक परीक्षा नाही. तानपुरा अखंड चालू असतो, तो जरा हलला तरी कानाला लगेच लागतं. किशोरीताई आमोणकरांचा भूप राग लावला आणि पहिल्या दोन मिनिटांतच या यंत्राबद्दल निर्धास्त झाले. षड्ज जिथल्या तिथे. एखाद्या रेकॉर्डवर सूर दर फेऱ्याला खालीवर झुलत असेल तर आधी रेकॉर्डच्या मधल्या भोकाकडे पाहा. छापताना ते भोक किंचित बाजूला पडलेलं असतं, त्यात यंत्राचा दोष नसतो. आर्म डावीउजवीकडे झुलताना डोळ्यांनाही दिसतो.

आता ७८बद्दल, कारण हे यंत्र घेतलं ते त्यासाठीच. ३३ आणि ४५ ही दोन्ही बटणं एकदम दाबली की ताट ७८च्या वेगाने फिरतं. पण खरी किंमत वसूल होते ती वेग कमीजास्त करायच्या सरकपट्टीत. जुन्या तबकड्या नावाला ७८च्या, सगळ्यांचं ध्वनिमुद्रण नेमक्या त्याच वेगाने झालेलं नाही. नाट्यपदांना ऑर्गनची साथ असते आणि ऑर्गनचे सूर बांधलेले, म्हणून शोध घेता येतो. आमच्याकडची एक तबकडी लावली तेव्हा ऑर्गनचा सा काळी एक आणि पांढरी दोन या पेटीवरच्या लागून असलेल्या सुरांच्या बरोबर मधे पडत होता. पेटी शेजारी घेऊन पट्टी हळूहळू सरकवली. साधारण ३ टक्के वेग कमी केल्यावर सा काळी एकवर येऊन बसला. वाढवला असता तर पांढरी दोनवर गेला असता, पण त्या वेगाला गळा चिरका लागत होता आणि ताना घाईत आल्यासारख्या वाटत होत्या. त्या काळचे ऑर्गन आजच्या पेटीशी तंतोतंत जुळत असतील असं नाही, त्यामुळे हा पुरावा नव्हे, कानाने दिलेला कौल आहे. तरी गळ्यातली गोलाई परत आली आणि खोलीत बसलेल्या सासूबाईंनी मान डोलावली. पट्टीची मर्यादा ८ किंवा १६ टक्के ठेवता येते. एक अर्धस्वर म्हणजे जवळपास ६ टक्के, तेव्हा ८ पुरेसे होतात. एलपी लावताना मात्र क्वार्ट्झचं बटण दाबून वेग नेमका ठेवायचा.

सुई बदलल्याशिवाय ७८ वाजवू नका, हे अगदी कळकळीने सांगते. एलपीच्या सुईचं टोक बारीक असतं. लाखेच्या तबकडीची खाच कितीतरी रुंद, म्हणून ती सुई थेट तळाला जाते आणि तिथली घाण खरवडत फिरते. ७८ला ३ मिल, म्हणजे सुमारे ७६ मायक्रॉन त्रिज्येचं टोक लागतं. व्हीएम९५ मालिकेत एसपी नावाची तशी सुई मिळते आणि ती त्याच कार्ट्रिजवर बसते. जुनी पुढे ओढून काढायची, नवी सरकवायची, की झालं. भार मात्र त्या सुईसोबतच्या कागदावर दिला असेल तसा पुन्हा लावायचा. शिवाय अँप्लिफायरला मोनोचं बटण असेल तर ते दाबा. या तबकड्यांत गाणं असतं सुईच्या आडव्या हालचालीत, खालीवर होणाऱ्या हालचालीतून फक्त खरखर येते. मोनो केलं की त्यातली बरीच गळून पडते.

सफाईला मी यंत्राइतकंच महत्त्व देते. लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेलं कोणतंही द्रव्य लावायचं नाही. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, तबकडी कायमची जाते. डिस्टिल्ड वॉटर, त्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने गोल गोल, नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुसून लगेच कोरडं. लेबल भिजू द्यायचं नाही आणि तबकडी पाण्यात बुडवून ठेवायची नाही. नळाचं पाणी वापरलं तर त्यातले क्षार खाचेत वाळतात.

जुलै-ऑगस्टमध्ये शत्रू म्हणजे बुरशी. एलपी उजेडात तिरकी धरली की राखाडी, फांद्या फुटल्यासारखे डाग दिसतात. बुरशी कागदावर आणि डिंकावर पोसली जाते, म्हणून जुनी कागदी पाकिटं मी काढून टाकली आणि आत पॉलिथीनचं अस्तर असलेली नवी घातली. बाहेरची जाड पीव्हीसीची कव्हरंही गेली, कारण त्यातला प्लास्टिक मऊ ठेवणारा अंश वर्षानुवर्षं रेकॉर्डवर उतरून पृष्ठभाग धुरकट करतो. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवलेलं नाही, सिलिका जेलच्या पुड्या आहेत आणि सगळ्या रेकॉर्ड उभ्या. आडव्या थप्पीत खालच्या वाकतात, लाखेच्या तर तडकतात. जानेवारीत तक्रार उलटी. हवा कोरडी झाली की स्थिर वीज चढते, चटचट आवाज येतो आणि फेल्टची चटई रेकॉर्डला चिकटून वर येते. मी रबराची चटई टाकली, त्रास संपला.

काही महिन्यांनी एलपीसाठी त्याच मालिकेतली एमएल (मायक्रोलिनिअर), म्हणजे जास्त बारीक घडवलेल्या टोकाची सुई घेतली. कारण सांगते. रेकॉर्ड एकाच गतीने फिरते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच जाते आणि लेबलजवळ जेमतेम २०. द्रुत बंदिश, तराणा, म्हणजे सगळ्यात दाट संगीत, नेमकं तिथे येतं. साध्या लंबगोल टोकाला ती गर्दी नीट वाचता येत नाही, वरच्या सप्तकात स्वर फाटतो. एमएलने तोच तराणा बोल न् बोल सुटा ऐकू येतो. कंपनी साध्या सुईचं आयुष्य ३०० तासांच्या आसपास सांगते आणि एमएलचं १००० तास, त्यामुळे जास्तीची किंमतही भरून निघते.

दोन गोष्टी आधी माहीत असाव्यात. यंत्र पूर्ण हाताने चालवायचं आहे, बाजू संपली की आर्म आपोआप उठत नाही. ऐकता ऐकता झोप लागणाऱ्यांनी विचार करावा. आणि आतला फोनो प्रीअँप, म्हणजे सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारा भाग, कामचलाऊ आहे. मागच्या बटणाने तो बाजूला काढून वेगळा जोडला की तबल्याच्या बायाला अंग येतं. यूएसबीवरून मी ७८ संगणकात उतरवून ठेवते आहे, म्हणजे मूळ तबकडीला पुन्हा पुन्हा सुई लावावी लागत नाही.

घरात फक्त एलपी असतील तर या यंत्राचा अर्धा भाग वापरलाच जाणार नाही. तशांनी दोन वेगांचं साधं, चांगल्या आर्मचं टर्नटेबल घ्यावं आणि वाचलेले पैसे सरळ सुईत आणि नव्या पाकिटांत घालावेत.