साईड व्हीलची स्कूटर की बॅटरीची तीनचाकी?

पायांनी दिव्यांग असलेल्या माणसाला नाशिकच्या सातपूर-अंबडला रोज कामाला जायचं असेल आणि हातांत जोर असेल, तर माझं मत स्कूटरच्या बाजूने. अंतर पटकन कापलं जातं, रिक्षावाल्याची मनधरणी करावी लागत नाही. पण साईड व्हील, म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जादा चाकं, बसवून घेतली की काम संपत नाही. पेठ रोडच्या आरटीओत त्या बदलाची नोंद आरसी बुकावर करून घ्या आणि लायसन्सही तशाच गाडीचं काढा. नाहीतर अपघातात विम्याचे वांधे होतात.

चाकं बसवताना उंचीकडे नीट लक्ष द्या. ती जास्त खाली आली, तर खड्ड्यावरून जाताना मधलं चाक अधांतरी राहतं आणि नुसतं जागच्या जागी फिरतं. रामकुंडाकडच्या ओल्या उतारावर असं झालं तर जिवावर बेतेल. मेकॅनिकसमोरच स्वतः बसून चालवून बघा.

तीनचाकीत पाठीला टेकायला जागा असते. कमरेखाली ताकद नसलेल्यांना व्हीलचेअरवरून सरकून बसता येतं, तोल सांभाळायची गरज नाही. वेग कमी, पण बाजारहाटाला पुरेसा. दिव्यांगांना साहाय्यक साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत पात्र व्यक्तींना कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीची तीनचाकी मिळू शकते. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं ओळखपत्र) आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा, योजनेचं शिबिर लागलं की धावपळ होत नाही. चार्जिंगची सोय मात्र तळमजल्यावर हवी. सोसायटीने प्लग पॉइंटला आडकाठी करू नये, एवढं माणसांनी माणसांसाठी करायलाच हवं.