नाताळची संध्याकाळ: मॉल की तलावपाळी?
ठाण्यात लहान मुलांना नाताळ दाखवायचा तर एखादा मोठा मॉल किंवा मासुंदा तलावाजवळचे पोर्तुगीजकालीन सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च, असे दोन पर्याय आहेत. मॉलमध्ये उंच झाड आणि रोषणाई असते खरी, परंतु सांताक्लॉजसोबतच्या छायाचित्रासाठी अर्धा तास रांगेत उभी राहिलेली आमची चार वर्षांची कन्या त्याची कापसाची दाढी जवळून पाहताच भोकाड पसरून मोकळी झाली. चर्चमधील गव्हाणीपुढे मात्र, गवतावर निजलेला बाळ येशू आणि शेजारची मेंढरे न्याहाळत, ती बराच वेळ उकिडवी बसून राहिली. गर्दी टाळायची असेल, तर २५ डिसेंबरनंतर जावे. गव्हाणीचा देखावा सहसा ६ जानेवारीच्या सुमारास येणाऱ्या तीन राजांच्या (बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या) सणापर्यंत असतो. मॉलची स्वच्छतागृहे ही तेवढी त्याची जमेची बाजू.