साडेतीन तारे, अर्धी प्लेट टॉट्स

पबचं नाव देत नाही. पुढे तक्रार आहे आणि मालक माणूस वाईट नाही. अमेरिकेत, ओरेगॉन राज्यातल्या बीव्हर्टनमध्ये, सीडर हिल्सच्या बाजूला राहणाऱ्यांना दारावरच्या लाल-काळ्या झेंड्यावरून सापडेल. पोर्टलंडच्या ट्रेल ब्लेझर्स या बास्केटबॉल संघाचे हे रंग. आत टीव्ही आहेत, लाकडी बाकडी आहेत आणि भिंतीवर १९७७ च्या विजेतेपदाचा पिवळा पडलेला फोटो आहे. विजेतेपद तेवढं एकच, म्हणून फोटोही एकच.

मी नागपूरचा. राष्ट्रीयीकृत बँकेत चौतीस वर्षं, त्यातली अकरा कर्ज विभागात. तरुणपणी बँकेच्या संघातून बास्केटबॉल खेळलो, त्यामुळे मुलाकडे ओरेगॉनला आलो की सकाळी बागेत फेऱ्या आणि संध्याकाळी टीव्हीवर सामने, असा दिनक्रम. २५ जून २०२५ ला, बुधवारी, चिरंजीव म्हणाले, "बाबा, आज ड्राफ्ट आहे, पबमध्ये बघू." मी म्हणालो, "कुणाच्या नावाचा?" आमच्या पिढीला ड्राफ्ट म्हणजे डीडी, बँकेचा डिमांड ड्राफ्ट. तो हसला नाही. हा विनोद त्याने लहानपणापासून ऐकला आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे तीस संघ दर जूनमध्ये नवे खेळाडू आळीपाळीने निवडतात. गेल्या हंगामात मार खाल्लेल्यांचा नंबर आधी, त्यातही वरचे नंबर चिठ्ठ्या टाकून. पहिल्या फेरीत प्रत्येकाला पाच मिनिटं. पोर्टलंडचा नंबर होता अकरावा.

आमची ही म्हणाली, "अमावास्येला माणसं निवडतात का कुणी?" मी घड्याळ दाखवलं. इथे संध्याकाळचे पाच म्हणजे नागपुरात गुरुवारची पहाट, तिथे आषाढ लागलासुद्धा. ती म्हणाली, मग नागपुरातच निवडा म्हणावं, आणि घरीच राहिली.

आता खाण्याचं, थोडक्यात. नाचोज बरे आहेत, चीज सढळ हाताने घालतात, वरच्या मिरच्या नावापुरत्या. सावजी खाऊन वाढलेल्या माणसाला त्या काकडीसारख्या लागतात. गार्डनबर्गर चांगला. हा शाकाहारी बर्गर मूळचा इथलाच, जवळच्या ग्रेशम गावातला, त्यामुळे या भागात तो कुणी नाक मुरडत देत नाही. बिअर इथे मोठ्या भक्तिभावाने पितात. मी एक कडवट आयपीए घेतली, कारल्याच्या रसाला साबणाचा वास यावा तशी. पुढच्या वेळी लिंबूपाणी. बिलावर विक्रीकर नाही, ओरेगॉनमध्ये तो लावतच नाहीत, मात्र टीप वीस टक्के धरून चला.

टॉट्सबद्दल: बटाट्याच्या किसाच्या छोट्या तळलेल्या गुंडाळ्या. या पदार्थाचा जन्म १९५३ साली याच राज्याच्या पूर्व टोकाला, ऑन्टॅरिओ गावातल्या ओर-आयडा कंपनीत झाला. वास असा येत होता की विचारू नका. विचारलं मात्र. वाढणारी मुलगी सरळ म्हणाली, "कोंबडीचे पंख तळतो त्याच तेलात तळतो." खरं सांगितलं याबद्दल तिला पूर्ण गुण. पण शाकाहारी माणसासाठी वेगळी कढई नाही, यासाठी अर्धा तारा तिथेच कापला.

आवाजाचं मात्र उत्तम. मोठ्या टीव्हीचा आवाज ड्राफ्टचा, बाकीचे मुके. दोन निवडींच्या मधल्या जाहिरातींत आवाज बंद करतात, म्हणजे माणसांना भांडता येतं. ही सोय मी भारतातल्या एकाही क्रिकेटवाल्या हॉटेलात पाहिलेली नाही.

आणि लोक भांडतात, राजेहो! काउंटरला लागून असलेल्या लांब टेबलावर आम्हाला जागा मिळाली. शेजारी निवृत्त पोस्टमन, अंगात क्लाइड ड्रेक्सलरचा २२ नंबरचा जुना बनियन. समोर एक तरुण फिजिओथेरपिस्ट बाई. प्रत्येक टेबलावर बक्षिसाच्या स्पर्धेचा फॉर्म ठेवलेला: 'अकराव्या नंबरवर पोर्टलंड कुणाला घेईल?' मुलाने लिहिलं, खमान मालुआच, ड्यूक विद्यापीठाचा, दक्षिण सुदानमध्ये जन्मलेला सात फुटांहून उंच पोरगा. पोस्टमनने डेरिक क्वीन लिहिलं, तोही उंच, मेरीलंडचा. बाईंनी ॲरिझोनाचा कार्टर ब्रायंट. मी सेड्रिक कॉवर्ड.

"काहून?" म्हणजे पोस्टमनने इंग्रजीतच विचारलं, पण सूर हाच.

खरं कारण असं की आदल्या रविवारी आम्ही सेलमला, या राज्याच्या राजधानीत, विधानभवन बघायला गेलो होतो. त्याच्या समोरच विलमेट विद्यापीठ आहे, झाडीतलं, लहानसं. कॉवर्ड तिथून निघाला. खेळासाठी शिष्यवृत्तीही न देणाऱ्या, तिसऱ्या श्रेणीच्या कॉलेजातून ईस्टर्न वॉशिंग्टन, तिथून वॉशिंग्टन स्टेट, आणि आता थेट इथे. तालुक्याच्या शाखेतून झोनल ऑफिसला पोचलेल्या माणसाबद्दल मला आधीपासूनच माया.

पण हे कारण पबमध्ये चालत नाही, म्हणून दुसरं दिलं. म्हटलं, तुमच्याकडे डोनोव्हन क्लिंगन सात फूट दोन इंच, गेल्या वर्षीच घेतलेला. डिआंद्रे एटन आहे, रॉबर्ट विल्यम्स आहे. ज्या शाखेत तीन कॅशियर आहेत तिथे चौथा कशाला? बाहेरून बास्केट करणारा घ्या.

पोस्टमनने बिअर खाली ठेवली. "हेच," तो म्हणाला, "अगदी हेच वाक्य १९८४ साली या गावात बोललं गेलं."

मग त्याने ती गोष्ट सांगितली. इथे ती प्रत्येकाला पाठ असते, आपल्याकडे पानिपत असतं तशी. पहिला नंबर कुणाचा यासाठी ह्यूस्टन आणि पोर्टलंडमध्ये नाणेफेक झाली, पोर्टलंड हरलं. ह्यूस्टनने हकीम ओलाजुवान घेतला. पोर्टलंडकडे गार्डच्या, म्हणजे बाहेरून खेळणाऱ्याच्या, जागी जिम पॅक्सन होता आणि आदल्या वर्षीच घेतलेला ड्रेक्सलर. मग आणखी एक तसाच खेळाडू कशाला, आपल्याला सेंटर, म्हणजे बास्केटखालचा उंच खेळाडू, हवा. म्हणून केंटकीचा सॅम बोवी. तिसऱ्या नंबरवर शिकागोने मायकल जॉर्डन उचलला. त्या वर्षीच्या ऑलिम्पिक संघाचा प्रशिक्षक बॉब नाइटने पोर्टलंडसाठी खेळाडू निवडणाऱ्या स्टू इनमनला जॉर्डन घ्यायला सांगितलं होतं, आणि सेंटर हवा असेल तर त्यालाच सेंटरला खेळवा म्हणाला, अशी कथा आहे. पोस्टमन ती डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगतो.

"गरज बघून घेतला की असं होतं," तो म्हणाला. "गुण बघा. गरज दर वर्षी बदलते."

मी कर्ज विभागातला माणूस. मला हे अर्धंच पटलं. म्हटलं, तुमची चूक गरज बघण्यात झाली नाही, तारण तपासण्यात झाली. बोवी केंटकीत पायाच्या हाडामुळे सलग दोन हंगाम खेळलाच नव्हता. ज्या खातेदाराचे दोन वर्षं हप्ते थकलेत त्याला तुम्ही वरच्या मर्यादेचं कर्ज दिलंत. पुढे काय झालं? पोर्टलंडकडून तो जेमतेम १३९ सामने खेळला.

"डॉक्टरांनी तपासलं होतं," पोस्टमन म्हणाला.

इथे फिजिओबाई सरसावल्या. बोवीने स्वतः २०१२ साली एका माहितीपटात सांगितलं आहे: डॉक्टर नडगीवर छोट्या हातोडीने ठोकत होते, दुखत होतं, आणि तो काही वाटत नाही म्हणत होता. "मी रोज असे पेशंट बघते," त्या म्हणाल्या. "खेळायचं असलेला माणूस कधीच दुखतंय म्हणत नाही." मला आमच्या शाखेतले दुसऱ्याच्या गोदामातला माल आपला म्हणून दाखवणारे व्यापारी आठवले. बोवीचा राग मात्र येईना. पोटासाठी खोटं बोलला. चूक हातोडीवाल्यांची.

मग २००७ निघालंच. ग्रेग ओडन पहिला, पोर्टलंडला; केविन ड्युरँट दुसरा, सिॲटलला. ओडनवर त्याच सप्टेंबरमध्ये गुडघ्याची शस्त्रक्रिया, पहिला हंगाम कोरा, आणि पोर्टलंडकडून एकूण ८२ सामने, म्हणजे बरोबर एका हंगामाचे. ड्युरँट २०१४ साली लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला. मी म्हटलं, बघा, पुन्हा उंच माणूस, पुन्हा पाय. १९७२ ला पहिल्या नंबरवर लारू मार्टिन घेतला तोही उंचच, आणि बॉब मॅकाडू सोडलात. पोस्टमनने फक्त भिंतीकडे बोट दाखवलं. फोटोच्या मधोमध बिल वॉल्टन, १९७४ चा पहिला नंबर, त्यांचं एकुलतं विजेतेपद आणणारा. उंच. पाय त्याचेही मोडलेच.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

ओडनबद्दल मुलाने एक मुद्दा बरोबर काढला. २००७ साली बहुतेक संघांनी ओडनच घेतला असता. आज शहाणपण शिकवणं सोपं आहे, बाबा, तुमच्या ऑडिटवाल्यांसारखं. हे वाक्य त्याने माझ्याकडूनच उचललेलं, माझ्यावरच वापरलं.

मध्येच कुणीतरी विचारलं, तुमच्या देशातलं कुणी? म्हटलं, आहे ना, पंजाबचा सतनाम सिंग, २०१५ साली ५२ व्या नंबरवर डॅलसने घेतला होता. टेबलावर कुणाला आठवेना. मलाही पुढचं फार सांगावंसं वाटलं नाही.

टीव्हीवर एव्हाना बरंच पुढे गेलं होतं. कूपर फ्लॅग डॅलसला, तो तर ठरलेलाच. दहाव्या नंबरवर मालुआच गेला. आमचे चिरंजीव गप्प झाले, नाचोज स्वतःकडे ओढले. मग अकरावा. आयुक्त ॲडम सिल्व्हर बाहेर आला आणि म्हणाला, पोर्टलंड घेत आहे सेड्रिक कॉवर्ड.

मी उभा राहिलो. कुणीतरी सेलमच्या नावाने ओरडलं. फिजिओबाई म्हणाल्या, सहाच सामने खेळून त्याचा हंगाम खांद्याच्या दुखापतीने संपला होता, मगाशी तारण तारण करत होतात ना? म्हटलं, खांदा आहे, गुडघा नाही. पण खरं तर सहा सामन्यांच्या स्टेटमेंटवर मी कुणाला दुचाकीसाठीही कर्ज दिलं नसतं.

उत्साह टिकला किती? टेबलावरचे फोन वाजेपर्यंत. पोर्टलंडने कॉवर्ड मेम्फिसला देऊन टाकला होता. बदल्यात सोळावा नंबर आणि पुढच्या वर्षांतल्या काही निवडी. आणि त्या सोळाव्यावर नाव आलं यांग हानसेन, चीनमधल्या चिंगदाओ संघाचा, सात फूट एक इंच. चौथा कॅशियर! पबमध्ये अशी शांतता की फ्रिजची घरघर ऐकू यावी. पोस्टमनने कपाळावर हात मारला. गुण बघा म्हणणाऱ्यालाही हे नाव दुसऱ्या फेरीत वाटत होतं.

कोपऱ्यातल्या टेबलावर मात्र एक आजोबा उठून उभे राहिले. माझे बागेतले ओळखीचे, तेही मुलाकडे आलेले. आमची भाषा एक नाही, रोज मान हलवतो तेवढंच. त्यांनी टीव्हीकडे बघून दोन्ही हात वर केले, मग सगळे बघताहेत हे लक्षात येऊन खाली घेतले आणि बसले.

आता तक्रार. अकराव्या नंबरचं नाव माझ्या फॉर्मवर बरोबर होतं. बक्षीस मागायला गेलो तर मालक म्हणाला, तो तर मेम्फिसचा. मी फॉर्म दाखवला. त्यावर 'घेईल' लिहिलं आहे, 'ठेवेल' नाही. आयुक्ताने भर स्टेजवर पोर्टलंडचं नाव घेतलं. ड्राफ्ट पोर्टलंडच्या नावाने निघाला, नंतर मेम्फिसला एंडोर्स झाला, म्हणजे मागे सही करून त्यांच्या नावे केला. एंडोर्स झाला म्हणून मूळ नाव पुसलं जातं का? मालकाला डीडी म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, त्यामुळे वाद लांबला. मागे बिलासाठी चार माणसं उभी, मुलगा माझी बाही ओढतोय. स्पर्धेचे नियम कुठेही लावलेले नाहीत, आणि वाद झाला तर निकाल मालक देणार, जो स्वतः बक्षीस देणारा. याचा एक तारा गेला. एकूण साडेतीन.

शेवटी पोस्टमनने मध्यस्थी केली आणि वन टाइम सेटलमेंट झाली: पूर्ण प्लेटऐवजी अर्धी.

बक्षीस कशाची प्लेट आहे हे फॉर्मच्या तळाला बारीक अक्षरात छापलं होतं. बारीक अक्षर आधी वाचा, हे मी अकरा वर्षं लोकांना सांगत आलो. प्लेट आली, गरमागरम टॉट्स, कोंबडीच्या तेलातले. मी त्यांचा वास घेतला आणि कोपऱ्यातल्या आजोबांच्या टेबलावर एंडोर्स करून आलो. त्यांनी मान हलवली, मीही हलवली.

गाडी मागच्या अंगणात लावा, पुढे जागा मिळत नाही.