सहा वर्षं पाठीवर वाहिलेल्या सामानाचा आढावा

तंबूच्या लेबलवर वजन होतं १,१९० ग्रॅम. घरी काट्यावर ठेवला तेव्हा भरलं १,४६०. लेबलवर बारीक अक्षरांत ‘किमान वजन’ असं लिहिलेलं होतं. किमान वजनात आतला तंबू, फ्लाय (वरचं पावसाचं आवरण) आणि पोल एवढंच धरतात. खुंट्या, ताणाच्या दोऱ्या आणि पिशव्या त्यात येत नाहीत. पण खुंट्यांशिवाय तंबू उभा कसा करायचा? त्या दिवशी मी एक वही केली. घेतलेली प्रत्येक वस्तू स्वतः वजन करून तिच्यात लिहायची, आणि परत आल्यावर ती किती वेळा वापरली, कुठे फाटली, कुठे अडली हेही लिहायचं. सहा वर्षांच्या त्या नोंदींवरून हा आढावा लिहिते आहे. दोन-तीन मुक्कामांची पायपीट आणि अधूनमधून कड्यावरची चढाई एवढा माझा वापर आहे.

वहीच्या पहिल्या पानावर पाणी, खाणं आणि इंधन सोडून बेरीज होती १३ किलो २००. आज ती ६ किलो ९०० आहे. यातला मोठा वाटा तीनच गोष्टींचा: सॅक, तंबू आणि झोपायचं सामान. लोक टूथब्रशचा दांडा कापतात, पट्ट्यांची टोकं छाटतात. त्यातून शंभर ग्रॅमही धड सुटत नाहीत. त्याहून जास्त वजन मी घरी ठेवलेल्या वस्तूंनी कमी झालं. एमा गेटवूड यांनी १९५५ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, ३,२०० किलोमीटरहून लांब अपॅलाचियन ट्रेल ही अमेरिकेतली पायवाट एकटीने पूर्ण केली. पायात साधे कॅनव्हासचे बूट, खांद्यावर स्वतः शिवलेली पिशवी आणि पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. मला त्यांच्याबद्दल अपार आदर आहे. पण प्लास्टिकचा पडदा घेऊन मी निघणार नाही, कारण मी वस्तूला आधी एक प्रश्न विचारते: तू मोडलीस तर माझी रात्र कशी जाईल? वजन मी त्यानंतर बघते.

सॅकचं आधी सांगते. जुनी २ किलो ३०० ग्रॅमची, आताची ९५० ग्रॅमची. मधे एक वर्ष ५८० ग्रॅमची, आत फ्रेमच नसलेली वापरली. आठ किलोपर्यंत ती छान चालली. दोर आणि चढाईचं सामान भरल्यावर मात्र सगळा भार खांद्यावर आला, कमरेचा पट्टा नावालाच राहिला आणि दुसऱ्या दिवशी मान वळेना. सॅकची फ्रेम भार कमरेवर नेते. ते तिचं कामच आहे. म्हणून सॅक शेवटी घ्यावी. आधी बाकीचं सामान ठरवा, ते एका खोक्यात भरून किती भरतं ते बघा, मग त्या मापाची सॅक शोधा. मोठी सॅक आधी आली की ती भरतेच. आणि कमरेच्या पट्ट्याचं बकल! माझं तंबूच्या दारात, माझ्याच पायाखाली मोडलं. शिवण न उसवता बसवता येणारं जादा बकल मिळतं, वजन १२ ग्रॅम. ते आता कायम बरोबर असतं.

तंबूचं कापड सिलनायलॉन, म्हणजे सिलिकॉनचा लेप दिलेलं नायलॉन. मजबूत आणि हलकं, पण नायलॉन पाणी पितं आणि सैलावतं. संध्याकाळी ढोलकीसारखा ताणलेला फ्लाय पहाटे पोटात येतो, आतल्या कापडाला चिकटतो, आणि आपल्याला वाटतं तंबू गळतोय. माझा एकदाही गळलेला नाही. झोपण्याआधी बाहेर जाऊन दोऱ्या पुन्हा ताणल्या की काम होतं. पॉलिएस्टरचा फ्लाय फारसा सैलावत नाही. वजन तेवढंच ठेवलं तर थोडा कमी मजबूत. पुढचा तंबू मी पॉलिएस्टरचाच घेईन, कारण भर पावसात रात्री दोनला दोऱ्या ताणायला उठण्याचा मला कंटाळा आला आहे.

हलक्या तंबूत सगळ्यात आधी दगा देते ती चेन. दात शाबूत असतात. वाळू आणि धुळीने स्लायडर आतून झिजतो आणि चेन मागून उघडत जाते. स्लायडरच्या दोन्ही बाजू पक्कडीने हलकेच दाबल्या की तो आणखी एखादा हंगाम निघतो. जोर जास्त दिला तर तडकतो. मी मुक्कामाहून परतले की चेन जुन्या ब्रशने झाडते. पोलच्या दुरुस्तीची बोटभर लांबीची नळी तंबूबरोबर येते. ती अनेकांच्या घरी खणातच पडून राहते. माझी सोबत होती म्हणून वाऱ्यात वाकून चिरलेला पोल सकाळपर्यंत टिकला.

आता झोपेचं, कारण इथे मी सगळ्यात जास्त चुका केल्या. पहिली स्लीपिंग बॅग ६९० ग्रॅमची. पिशवीवर मोठ्या अक्षरांत उणे ३ अंश. बाहेर १ अंश होतं त्या रात्री मी सगळे कपडे घालून, गुडघे छातीशी घेऊन, उजाडायची वाट बघत बसले. नंतर नीट वाचलं. स्लीपिंग बॅगच्या मानकात तापमानाचे वेगवेगळे आकडे असतात. ‘कम्फर्ट’ हा सरासरी बाईला निवांत झोप लागेल असा आकडा. ‘लिमिट’ म्हणजे सरासरी पुरुष अंग आखडून आठ तास कसाबसा झोपेल तो. ‘एक्स्ट्रीम’मध्ये जीव वाचण्यापुरतीच गोष्ट, थंडीची बाधा होण्याचा धोका धरूनच. माझ्या पिशवीवरचा मोठा आकडा लिमिटचा होता. कम्फर्ट होतं अधिक ३. बायांनी तर कम्फर्टचाच आकडा बघावा, बाकीच्यांकडे लक्षच देऊ नये. आताची बॅग कम्फर्ट उणे २ ची, ९२० ग्रॅम. २३० ग्रॅम वाढले आणि मला एका ग्रॅमचाही पश्चात्ताप नाही.

आत पिसं आहेत, आठशे फिल पॉवरची. म्हणजे एक औंस पिसं फुलून आठशे घन इंच जागा व्यापतात. त्या फुगवट्यात अडकलेली हवाच ऊब देते. म्हणून बॅग घरी दाबून ठेवायची नाही, मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवायची. भिजली की पिसांच्या गुठळ्या होतात आणि ऊब संपते. जिथे आठवडाभर पाऊस थांबणार नाही तिथे कृत्रिम भरणाची बॅग, वजन जास्त असलं तरी, मला जास्त भरवशाची वाटते.

आणि खालची मॅट. अंगाखाली बॅग दाबली जाते, तिथे तिचा उपयोग जवळजवळ शून्य. जमिनीची थंडी मॅटच अडवते. किती अडवते ते आर-व्हॅल्यूच्या आकड्यात मोजतात. पूर्वी प्रत्येक जण आपल्या पद्धतीने मोजायचा, आता त्यासाठी एक सामाईक चाचणी आहे, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून बघता येतात. माझी फुगवायची मॅट ४३० ग्रॅम, आर-व्हॅल्यू ४.२. अप्रतिम ऊब. तिसऱ्याच मुक्कामात, मध्यरात्रीनंतर कधीतरी, कमरेला जमीन लागली. फुगवली, तासाभराने पुन्हा तेच. सकाळी ओढ्यात एकेक भाग बुडवत गेले तेव्हा एका जागेहून मोहरीएवढे बुडबुडे सरळ रेषेत वर येताना दिसले. पावसामुळे रात्री आत घेतलेल्या बुटाच्या तळाला काटा होता. जागा पेनाने खूण करून वाळवली, स्पिरिटच्या पट्टीने पुसली, ठिगळ लावलं. ते आजही आहे. तेव्हापासून खाली तीन मिलिमीटरचा फोमचा तुकडा घालते, ९० ग्रॅम. काट्यापासून संरक्षण, दुपारी बसायला आसन, आणि दोन मॅटच्या आर-व्हॅल्यू एकमेकींत मिळवता येतात. फोमला भोक पडलं तरी तो फोमच राहतो, म्हणून मला तो फार आवडतो.

बुटांबद्दल एक गोष्ट सगळ्यांना सांगावीशी वाटते. माझे चामडी, घोट्यापर्यंतचे बूट चार वर्षं कपाटात जपून ठेवलेले होते, जेमतेम दहा वेळा घातलेले. वरून नव्यासारखे. उतारावर डाव्या बुटाचा तळ पुढून सुटला, तासाभरात उजव्याचाही. हातात घेऊन दाबला तर मधला थर शिळ्या केकसारखा भुगा होऊन पडला. चिकटवण्यात चूक नव्हती. मधला थर पॉलियुरेथेनचा असतो आणि हवेतल्या ओलाव्याने तो आतून विघटित होत जातो, बूट घाला किंवा न घाला. न घातलेले बूट उलट लवकर जातात असा माझ्याकडच्या दोन जोडांचा अनुभव आहे. त्या दिवशी तंबूच्या दोऱ्यांनी तळ बांधून खाली उतरले. आता ईव्हीए नावाच्या फोमच्या तळाचे हलके ट्रेल रनिंग बूट घालते, जोडी ५६० ग्रॅम. ईव्हीए असं भुगा होत नाही, फक्त दबून दबून मेल्यासारखं होतं आणि ते पायाला कळतं. ओले झाले तर चालता चालता वाळतात. बर्फ किंवा मोठ्या ढासळत्या दगडांवर मात्र मला ताठ तळाचेच बूट हवेत.

स्टोव्ह ७३ ग्रॅमचा, त्यात तक्रारीला जागाच नाही. सिलिंडर घेताना त्यावरचं मिश्रण वाचा. साधं ब्यूटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचं थांबतं, आयसोब्यूटेन उणे १२ अंशांपर्यंत चालतं, प्रोपेन त्याच्याही खूप खाली. पोकळ तंतूंचा पाण्याचा फिल्टर एकदा आतून गोठला की तंतू फाटतात आणि बाहेरून काही कळत नाही. थंडीत तो माझ्याबरोबर बॅगेत झोपतो. हेडटॉर्चमध्ये लिथियमचे सेल. अल्कलाइनपेक्षा हलके आणि थंडीत मान टाकत नाहीत.

चढाईच्या सामानाला वेगळा नियम. हलक्या भटकंतीचा आग्रह धरणाऱ्यांत रे जार्डिन यांचं नाव फार आदराने घेतात, आणि भेगेत बसवायचं स्प्रिंगवालं कॅम बनवणारेही तेच. ते १९७८ मध्ये बाजारात आलं. एकाच माणसाने दोन्ही केलं याचं मला अप्रूप वाटतं. कॅम हलकं आहे, पण त्याच्यावर माणूस पडतो.

कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायच्या गेटवाल्या धातूच्या कड्या, मी २७ ग्रॅमचे घेतले होते. मजबुतीत कमी नाहीत. गेट बंद असताना लांबीच्या दिशेने किमान २० किलोन्यूटन (सुमारे दोन टनांचा भार) सोसावे लागतात, तेवढे ते सोसतात. पण गेट इतकं छोटं की हातमोज्यातलं बोट मधे अडकायचं. एका हाताने कड धरलेली असताना दुसऱ्या हाताने दोर आत जाईना, तेव्हा वाचवलेले ते ८ ग्रॅम फार महाग पडले. आता ३५ ग्रॅमचे, तारेच्या गेटचे. हेल्मेट मात्र हलकंच, फोमचं, १९० ग्रॅम. जड हेल्मेट लोक चढाई संपली की काढून सॅकला लटकवतात, आणि दगड नेमका खाली उभ्या असलेल्यावर येतो. फोमचं हेल्मेट सॅकमध्ये दाबून भरू नका आणि त्यावर बसू नका, एवढंच.

स्लिंग म्हणजे चढाईत वापरायची शिवलेल्या पट्टीची वेटोळी. डायनिमा या मजबूत कृत्रिम धाग्याची स्लिंग नायलॉनच्या तुलनेत बारीक आणि हलकी, त्यामुळे मी सगळ्या बदलल्या. एका संध्याकाळी आम्हाला चढाई शिकवणाऱ्या सरांनी माझी एक स्लिंग हातात घेतली, बोटांतून फिरवत एका जागी थांबले. तिथे काडीएवढा चकचकीत, कडक डाग होता. तिच्यावरून दोर घासून गेला होता. डायनिमा सुमारे १४५ अंशांना वितळतं, नायलॉन दोनशेच्याही पुढे.

“ही मला दे,” सर म्हणाले. “घरी नेलीस तर कधीतरी पुन्हा हार्नेसला लावशील.” आणि चाकूने तिचे दोन तुकडे केले.

दुसरी गोष्ट त्यांनीच शिकवली. डायनिमा ताणलं जात नाही. अँकरला, म्हणजे कड्यावर पक्क्या केलेल्या आधाराला, डायनिमाच्या स्लिंगने स्वतःला बांधून त्याच्या वर चढलात आणि घसरलात, तर मधे ताणला जाणारा दोर नसल्याने सगळा झटका कोरडा बसतो. स्लिंगला गाठ मारलेली असेल तर अशा छोट्या पडण्यानेही ती तुटू शकते. अँकरला मी आता दोरानेच बांधून घेते. स्लिंगा दोन नायलॉनच्या, चार डायनिमाच्या.

दोर. ९.१ मिलिमीटरचा, ६० मीटर, ३ किलो २४०. प्रमाणपत्र होतं, म्हणजे ८० किलो वजनाचे किमान पाच मोठे झटके त्याने चाचणीत सोसलेले. तरीही माझ्या जोडीदाराच्या बिले उपकरणातून (चढणाऱ्याचा दोर धरून त्याचं पडणं अडवायच्या साधनातून) तो भरकन सरकायचा, कारण त्या उपकरणावर लिहिलेल्या मापांच्या अगदी काठावर तो होता. दोराची निवड त्याला धरणाऱ्या हाताशी आणि उपकरणाशी जुळवून करायची असते, हे मला घेताना कोणी सांगितलं नाही. खडबडीत कड्यावर दोन हंगामांत त्याचं आवरण केसाळ झालं. मग एका जागी बोटांत दाबल्यावर आतला गाभा सपाट लागला, आणि मी त्याच दिवशी तो थांबवला. त्याचे तुकडे करून ठेवलेत. नवीन मुलांना गाठी शिकवायला ते उत्तम आहेत.

नवा ९.८ चा. आल्यावर पूर्ण उलगडून, मीटरभर मीटर बोटांतून काढून बघितला, मध्याची खूण तपासली, टोकाच्या पट्टीवरचं उत्पादनाचं वर्ष वहीत लिहिलं. खाली वजन: ३ किलो ७९० ग्रॅम.